विश्लेषण : ‘कवडीमोल’मधली कवडी आली कुठून? प्रवाळबेटांवर काझी झालेल्या इब्न बतूताची गोष्ट

टोमॅटोचा किंवा कोथिंबिरीचा दर कोसळला की सातारा-सांगलीच्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो : कवडीमोल. लग्नानंतर गोंधळ घातला जातो, तेव्हा गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. तुळजाभवानीच्या आराध्यांकडेही ती असते. कंजूष माणसाला आपण कवडीचुंबक म्हणतो आणि काहीच द्यायचं नसेल तर फुटकी कवडीही मिळणार नाही असं बजावतो.

पण कवडी हे समुद्रातल्या गोगलगायीसारख्या एका जिवाचं कवच आहे आणि सातारा-सांगलीला समुद्र नाही. भारतात शेकडो वर्षं पैसा म्हणून चाललेल्या कवड्यांचा सर्वात मोठा पुरवठा मालदीवमधून होत असे. केरळच्या नैर्ऋत्येला असलेली ही प्रवाळबेटं. चौदाव्या शतकात तिथे राहून, तिथल्या लोकांत संसार करून, कवडीचा भावसुद्धा नोंदवून ठेवणारा माणूस म्हणजे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता.

तो तिथे पाहुणा म्हणून उतरला, न्यायाधीश झाला, राजघराण्याशी सोयरीक केली आणि शेवटी भांडून बाहेर पडला. पुढे त्याच बेटांवर स्वारी करण्याच्या बेतातही तो सामील झाला. नेमकं काय घडलं होतं?

इब्न बतूता कोण होता?

इब्न बतूताचा जन्म १३०४ मध्ये मोरोक्कोतल्या टँजियर शहरात झाला. घराणं काझींचं, म्हणजे इस्लामी कायद्यानुसार न्यायदान करणाऱ्यांचं. १३२५ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी तो हजसाठी एकटाच निघाला. मक्केला पोहोचल्यावर घरी परतण्याऐवजी तो पुढे जात राहिला. इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिका, तुर्कस्तान आणि मध्य आशिया पार करून १३३३ च्या सुमारास तो सिंधू नदीपाशी आला.

दिल्लीत तेव्हा मुहम्मद बिन तुघलकाची सत्ता होती. परदेशी विद्वानांना मोठे पगार देणारा आणि मर्जी फिरली की जीव घेणारा हा सुलतान होता. इब्न बतूता तिथे काझी झाला. काही वर्षांनी सुलतानाची खप्पामर्जी झाली, डोक्यावर पहारा बसला, पण तो वाचला. १३४२ मध्ये सुलतानाने त्यालाच चीनच्या बादशहाकडे दूत म्हणून पाठवलं. सोबत घोडे, गुलाम, नर्तकी, उंची कापड असा मोठा नजराणा होता.

तो महाराष्ट्रात आला होता का?

हो. दिल्लीहून खंभातच्या बंदराकडे जाताना तो दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला. दौलताबाद म्हणजे देवगिरी. यादवांची ही राजधानी तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी केली होती. इब्न बतूताने तिथला किल्ला, किल्ल्यातली तुरुंगाची भुयारं आणि त्यातले भलेमोठे उंदीर यांचं वर्णन केलं आहे. मराठे लोक, त्यांचं भात-भाजीचं जेवण, जवाहिऱ्यांचा व्यापार यांच्याही नोंदी आहेत.

तासगाव आणि आटपाडीच्या बागायतदारांना एक नोंद विशेष वाटेल. दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्याने नमूद केलं आहे.

कृष्णाकाठी मात्र तो आला नाही. नंदुरबारवरून तो खंभातला गेला आणि तिथून पश्चिम किनाऱ्याने जहाजाने कालिकतला पोहोचला.

मग मालदीवला कसा गेला?

कालिकतच्या बंदरात चीनला जाणारी मोठी जहाजं लागली होती. नजराणा जहाजावर चढवला गेला. शुक्रवारच्या नमाजासाठी इब्न बतूता किनाऱ्यावर थांबला आणि त्या रात्री वादळ झालं. नजराण्याचं जहाज किनाऱ्यावर आदळून फुटलं. दुसऱ्या, लहान जहाजावर त्याचं स्वतःचं सामान होतं. त्या जहाजाने वादळातून बाहेर पडण्यासाठी शीड उभारलं आणि ते त्याला मागे ठेवूनच निघून गेलं.

नजराणा बुडालेला, सोबतची माणसं मेलेली आणि मागे तुघलकासारखा सुलतान. दिल्लीला परतणं म्हणजे जिवाशी खेळ होता. काही काळ तो होनावरच्या सुलतानाच्या आश्रयाला राहिला, त्याच्यासोबत गोव्यावरच्या स्वारीतही गेला. तिथेही परिस्थिती उलटल्यावर १३४३ च्या अखेरीस त्याने मालदीवची वाट धरली. कालिकतहून हा प्रवास दहा दिवसांचा होता.

तिथे त्याला काय दिसलं?

तो सर्वप्रथम किनोल्हास या बेटावर उतरला. उत्तरेकडच्या रा कंकणद्वीपातलं हे बेट आजही त्याच नावाने ओळखलं जातं. शेकडो लहान बेटं कड्यासारखी गोलाकार मांडलेली आहेत, प्रत्येक कड्याला दरवाजासारखी वाट आहे आणि वाट दाखवणारा स्थानिक माणूस सोबत नसेल तर जहाजाला आत जाता येत नाही, हे त्याने नेमकं टिपलं. त्याच्या मते बेटं सुमारे २,००० होती. आजची अधिकृत संख्या १,१९२ आहे आणि त्यातल्या सुमारे २०० बेटांवर वस्ती आहे.

बेटांवर धान्य जवळजवळ पिकत नव्हतं. तांदूळ बाहेरून यायचा. राणीच्या सुमारे १,००० सैनिकांना पगारही तांदळातच मिळायचा. नारळ आणि मासे हाच आहार. कुपा मासा उकडून, धुरावर वाळवून तो भारत, येमेन आणि चीनपर्यंत विकला जायचा. घरं लाकडाची, जमिनीपासून उचललेली. दारात पाण्याचा रांजण, आत येणाऱ्याने आधी पाय धुवायचे. रस्ते झाडलेले आणि झाडांच्या सावलीतले. लोक दिवसातून दोनदा आंघोळ करणारे, अंगाने किरकोळ आणि भांडणापासून लांब राहणारे.

सत्ता एका स्त्रीच्या हाती होती. राणी खदीजा हिच्या नावाने शुक्रवारचा खुत्बा वाचला जायचा. कारभार तिचा पती वजीर जमालुद्दीन पाहत असे. स्त्री राज्य करते याचं इब्न बतूताला मोठं आश्चर्य वाटलं होतं.

कंकणद्वीप म्हणजे नेमकं काय?

जगभर वापरला जाणारा ‘अटॉल’ हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतूनच आला आहे. मराठी भूगोलाच्या पुस्तकात त्याला कंकणद्वीप म्हणतात.

समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या बेटाभोवती उथळ पाण्यात प्रवाळ वाढतात. हे सूक्ष्म जीव चुन्याचा सांगाडा तयार करतात. मूळ बेट हळूहळू खचत पाण्याखाली जातं. प्रवाळांना जगण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो, म्हणून ते वर वर बांधत राहतात. शेवटी डोंगर नाहीसा होतो आणि त्याच्या कडेचं प्रवाळाचं कडं उरतं. मध्ये शांत, उथळ पाणी आणि कड्यावर वाळूची बेटं. ही मांडणी चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये पुस्तकरूपाने केली. त्यासाठी त्याला मालदीवचे जे नकाशे उपयोगी पडले, ते मुंबईच्या आरमारातला अधिकारी रॉबर्ट मोरेसबी याने १८३४ ते १८३६ या काळात सर्वेक्षण करून तयार केले होते.

या गोष्टीचा एक धागा थेट साताऱ्यापर्यंत येतो. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. भूगर्भशास्त्रातल्या प्रचलित मांडणीनुसार भूकवचाखालच्या ज्या उष्ण स्रोतातून दख्खनचा लाव्हा आला, त्याच्यावरूनच भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची रांग तयार झाली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटं त्या बुडालेल्या रांगेवर उभी आहेत. तो स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे.

पिण्याचं पाणी कुठून येतं?

चारी बाजूंनी खारं पाणी असूनही या बेटांवर थोडं खणलं की गोडं पाणी लागतं. पावसाचं पाणी सच्छिद्र वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगत राहतं. हा साठा भिंगाच्या आकाराचा आणि पातळ असतो. जास्त उपसा झाला किंवा समुद्राची लाट आत आली की तो खारट होतो. इब्न बतूताच्या काळातली सगळी वस्ती याच साठ्यावर जगत होती.

कवडीचा हिशेब काय होता?

इब्न बतूताने कवडी तयार करण्याची पद्धत सांगितली आहे. समुद्रातून जिवंत कवड्या गोळा करायच्या, किनाऱ्यावरच्या खड्ड्यात ठेवायच्या, आतलं मांस कुजून गेलं की पांढरं कवच उरतं. मोजणीसाठी ठरलेली एककं होती :

- १०० कवड्या म्हणजे एक सियाह
- ७०० कवड्या म्हणजे एक फाल
- १२,००० कवड्या म्हणजे एक कुत्ता
- १,००,००० कवड्या म्हणजे एक बुस्तू

एका सोन्याच्या दिनारला साधारण ४ बुस्तू, म्हणजे ४ लाख कवड्या मिळत. कधी भाव इतका पडे की एका दिनारला १० बुस्तूही येत. बंगालचे व्यापारी तांदूळ आणून कवड्या नेत. तिथे कवडी हाच रोजचा पैसा होता. येमेनी जहाजांना परतताना तळाशी वजन लागायचं, ते वाळूऐवजी कवड्याच भरत.

पुढे १३५२-५३ मध्ये इब्न बतूता पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्यात गेला, तेव्हा तिथल्या बाजारातही त्याला मालदीवसारख्याच कवड्या दिसल्या. तिथला दर होता एका दिनारला १,१५०. म्हणजे मालदीवच्या तुलनेत सुमारे साडेतीनशे पट महाग. समुद्र आणि वाळवंट ओलांडण्याचा खर्च, वाटेतले व्यापारी आणि मालीपासून समुद्राचं अंतर, हे सगळं त्या किमतीत होतं.

दुसरा माल काथ्याचा. नारळाची सोडणं किनाऱ्यावरच्या खड्ड्यात भिजवायची, मोगरीने कुटायची आणि बायकांनी दोर वळायचे. हिंदी महासागरातली जहाजं तेव्हा खिळ्यांऐवजी या दोरांनी शिवलेली असत. खिळे ठोकलेलं जहाज खडकावर आदळलं तर फुटतं, शिवलेलं जहाज लवचीक असल्याने तग धरतं, असं कारण इब्न बतूताने दिलं आहे.

तो काझी कसा झाला?

सुरुवातीला त्याने आपली ओळख लपवली होती. विद्वान माणूस सापडला तर हे लोक आपल्याला ठेवून घेतील, अशी त्याला भीती होती. ती खरी ठरली. दिल्लीत तो काझी होता हे बाहेरून आलेल्या माणसांकडून कळल्यावर वजिराने त्याला जाऊ दिलं नाही. भेटी, घर आणि मान मिळाला. त्याने तिथे चार लग्नं केली, त्यातून राजघराण्याशीही नातं जुळलं आणि मग काझीपद आलं.

बेटांवरची लग्नाची रीत वेगळी होती. बंदरात आलेला खलाशी लग्न करायचा आणि निघताना काडीमोड घ्यायचा. स्थानिक बायका बेटं सोडून परदेशी जात नसत. त्यामुळे घर त्यांचं आणि नवरा पाहुणा, अशी स्थिती होती.

नव्या काझीने कायदा कडक केला. शुक्रवारच्या नमाजाला न येणाऱ्यांना फटके आणि धिंड. काडीमोडानंतरही बायको दुसरं लग्न होईपर्यंत जुन्या नवऱ्याच्या घरी राहायची, ही प्रथा त्याने शिक्षा देऊन मोडून काढली. चोराचा हात तोडण्याचा निकाल दिला, तेव्हा समोर बसलेले काही बेटवासी शुद्ध हरपून पडले.

एका बाबतीत मात्र काझी हरला. तिथल्या बायका कमरेखाली वस्त्र नेसत आणि वरचं अंग उघडं ठेवून बाजारात फिरत. बाराव्या शतकात इस्लाम स्वीकारला तरी उष्ण हवेतला हा पेहराव बदलला नव्हता. इब्न बतूताने हुकूम काढून पाहिले. अंग झाकल्याशिवाय त्याच्या कचेरीत येता येणार नाही, एवढंच तो करू शकला. कचेरीबाहेर बायका पूर्वीसारख्याच राहिल्या.

भांडण कशावरून झालं?

एका खटल्यात राजघराण्याशी संबंधित एक आफ्रिकी गुलाम व्यभिचाराच्या आरोपात सापडला. त्याला सोडावं असा निरोप वजिराकडून आला. इब्न बतूताने उलट त्याला फटके मारून, गळ्यात दोर बांधून बेटावर फिरवलं. यातून वजिराशी उघड वैर झालं. इब्न बतूताचे मोठ्या घरांत इतके नातेसंबंध झाले होते की तो सत्तेला धोका ठरेल, अशी शंकाही दरबारात होती.

त्याने काझीपद सोडलं. निघण्यापूर्वी देणी भागवण्याचा तगादा लागला. बायकांना त्याने काडीमोड दिला. त्यातली एक गरोदर होती.

निघताना त्याने कोणती बेटं पाहिली?

राजधानी मालेहून तो दक्षिणेकडच्या बेटांत गेला. मुलूक, म्हणजे आजचं फुवामुला, या बेटावर तो ७० दिवस राहिला आणि तिथेही दोन लग्नं केली.

याच प्रवासात त्याला एक अगदी लहान बेट लागलं. बेटावर एकच घर होतं. एक विणकर, त्याची बायको, मुलं, थोडे माड, केळी आणि मासेमारीसाठी एक लहान होडी. पक्षी म्हणावेत तर दोन कावळे, तेवढेच होडीभोवती घिरट्या घालत सामोरे आले. सुलतानांच्या दरबारांत वावरलेल्या या माणसाला त्या विणकराचा हेवा वाटला. हे बेट आपलं असतं तर मरेपर्यंत इथेच राहिलो असतो, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. होडी पुढे निघाली.

स्वारीचा बेत काय होता?

ऑगस्ट १३४४ मध्ये मालदीव सोडून तो श्रीलंकेला गेला आणि तिथून तमिळ प्रदेशात मदुराईच्या सुलतानाकडे. हा सुलतान घियासुद्दीन नात्याने त्याचा साडू लागत होता. काझीपद गेलं तरी ताठा गेला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसंच. मालदीववर आरमार पाठवून राणीला अंकित करायचं, असा बेत दोघांनी आखला. जहाजांची तयारीही सुरू झाली.

तेवढ्यात मदुराईत साथ पसरली. सुलतान मरण पावला, इब्न बतूता स्वतः तापाने आजारी पडला आणि बेत बारगळला. पुढच्या प्रवासात चाच्यांनी त्याला अंगावरच्या कपड्यांपर्यंत लुटलं.

यानंतर तो पुन्हा एकदा मालदीवला गेला. मागे राहिलेल्या गरोदर बायकोला मुलगा झाला होता. तो आता दोन वर्षांचा असल्याचं त्याने म्हटलं आहे. मुलाला सोबत न्यायचा त्याचा विचार होता. मूल त्याच्यासमोर आणलं गेलं. ते इथेच राहिलं तर त्याचं भलं होईल, असं ठरवून त्याने त्याला आईजवळ ठेवलं आणि तो बंगालला निघाला. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे त्याच्या ग्रंथात येत नाही.

या वर्णनावर विश्वास किती ठेवायचा?

इब्न बतूता १३४९ मध्ये मोरोक्कोत परतला. पुढे सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला प्रवास इब्न जुझय या लेखकाला तोंडी सांगितला. ‘रिहला’ हा ग्रंथ डिसेंबर १३५५ मध्ये पूर्ण झाला. बराचसा मजकूर आठवणीतून सांगितल्यामुळे तारखांचे घोळ आहेत. चीनच्या भागाबद्दल इतिहासकारांना शंका आहेत. मालदीवचा भाग मात्र तपशीलवार आहे आणि चौदाव्या शतकातल्या तिथल्या समाजाची माहिती मिळवण्यासाठी तो महत्त्वाचा मानला जातो.

शेवटच्या काळात तो मोरोक्कोत काझी होता. १३६८-६९ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला.

कवडी ‘कवडीमोल’ कशी झाली?

युरोपीय कंपन्यांनी पुढे कवड्या जहाजं भरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या देऊन माणसं गुलाम म्हणून विकत घेतली. भारतात ईस्ट इंडिया कंपनीने सारा चांदीच्या रुपयांत मागायला सुरुवात केल्यावर कवडीचा भाव घसरला. ओडिशात १८१७ च्या पाईक उठावामागच्या कारणांत हेही एक होतं. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडून दुसऱ्या जातीच्या स्वस्त कवड्यांचा लोंढा आफ्रिकेत आला आणि चलन म्हणून कवडी संपत गेली. मराठीत ती हलक्या किमतीचा शब्द म्हणून आणि देवीच्या माळेत तेवढी राहिली.

आज ही बेटं कशी आहेत?

भारताकडे याच रांगेतलं लक्षद्वीप आहे. ३६ बेटं, त्यातली १० वस्तीची, एकूण जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर. त्यातल्या मिनिकॉय बेटावर आजही मालदीवच्या दिवेहीशी जुळणारी महल भाषा बोलली जाते.

मालदीवच्या जमिनीची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची सुमारे दीड मीटर आहे. सांगलीकरांना हे अंतर चांगलं माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. मधले ५ फूट म्हणजे दीड मीटरच. सांगलीत पाणी चढलं की माणसं उंच भागात हलवता येतात आणि पूर ओसरला की घरी परततात. मालदीवच्या बहुतेक बेटांवर हलायला उंच जागाच नाही. समुद्र तापल्यामुळे प्रवाळही मरत आहेत. १९९८ मध्ये तिथले उथळ पाण्यातले बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मेले होते. बेटांची वाळू प्रवाळांपासून तयार होते आणि लाटांचा मारा प्रवाळाची भिंतच झेलते. समुद्र वर येईल तसे प्रवाळही वर वाढत राहिले, तरच ही बेटं पाण्यावर राहतील.